दोन बोटं माया

६ फेब्रुवारी

प्रिय नमू,

निरोप तुझ्या नवऱ्याजवळ दिला होता, तेव्हा तुला कळलं आहे असं धरून लिहितो. ताईला जाऊन महिना होत आला. तू आली नाहीस याबद्दल मी काही म्हणत नाही. इतक्या लांबून लगेच तिकीट मिळत नाही, रजा मिळत नाही. आणखी एक कारण आहे. ते तुलाही माहीत आहे आणि मलाही, म्हणून लिहीत नाही.

सगळं व्यवस्थित झालं. दवाखान्यातले लोक चांगले होते. तिला फार त्रास झाला नाही. शेवटी विशेष काही बोलली नाही.

मी ठीक आहे. जेवतो. काल खाली कारखान्यात जाऊन सगळ्या मशिनांना तेल घातलं. बॉबिन काढून आतली कापसासारखी धूळ झाडली, पुन्हा बसवलं. शेवटच्या मशिनवर झाकण घालताना लक्षात आलं की आता यांच्यावर कोणी शिवणार नाही. मग झाकण घातलं आणि वर आलो.

लिहायचं कारण वेगळं आहे. शेवटच्या काही वर्षांत ताईने गिऱ्हाइकांचे कपडे जवळजवळ बंद केले होते. ती जुने कपडे आणि घरातल्या जपून ठेवलेल्या वस्तू कापड ताणून बसवलेल्या मोठ्या फळ्यांवर टाके घालून लावायची. ती त्याला कोलाज म्हणायची. कटिंगचे मास्तर त्याला ‘बाईंची उभी गोधडी’ म्हणतात. या सगळ्यांचं मोठं प्रदर्शन भरवायचं असं तिने हॉलच्या मॅडमना कबूल केलं होतं. ते एप्रिलच्या सुरुवातीला आहे. मॅडम म्हणतात, ताई नसली तरी ते व्हायला हवं. त्यांना सगळी कोलाजं हवी आहेत. मुख्य म्हणजे ‘पाठ’ हवी आहे.

‘पाठ’ ज्यात आहे तो खोका कुणाला द्यायचा की नाही, याबद्दल ताईने काही सांगून ठेवलेलं नाही. मॅडम मला विचारतात. मी त्यांना म्हटलं, ते माझ्या भाचीचं आहे, तिला विचारून सांगतो. पाठही तुझी आणि तिच्यावरची खोळही तुझी.

हो किंवा नाही, एवढंच कळव. एका ओळीचं पत्र चालेल.

मामा

१९ फेब्रुवारी

प्रिय नमू,

तुझं उत्तर आलं नाही. टपाल कधी कधी रेंगाळतं.

मास्तर आता दुपारी येतात. त्यांना कामावर बोलावलेलं नाही, पण ताईच्या हाताखाली त्यांचं आयुष्य कटिंग टेबलापाशी गेलं, त्यांना घरी करमत नाही. आल्यावर ते आधी कात्र्या मोजतात, मग मला काहीतरी टोमणा मारतात, मग काम सुरू करतात. आम्ही दोघं कपाटं आवरतो आहोत. चिंध्या एका बाजूला, तागे एका बाजूला, बटणं रंगाप्रमाणे. बटणांच्या बरण्यांत तुझे दुधाचे दात निघाले. ताईने ते हस्तिदंती बटणांत ठेवले होते. मास्तर म्हणाले, रंगाप्रमाणे बरोबरच आहे.

परवा मी टेबलाखालून खोकी काढत होतो. मास्तर म्हणाले, “इन्स्पेक्टर, खाली बघा जरा. फरशी रंगवताय का?” माझ्या तळपायात टाचणी घुसली होती आणि मी तसाच सगळीकडे फिरलो होतो. दुखलं नव्हतं. टाचणी काढताना पण नाही. मास्तरांनी पायाला अस्तराची पट्टी बांधली आणि चांगलं कापड वाया घालवलं म्हणून मलाच बोलले.

हॉलच्या मॅडम येऊन गेल्या. पांढरे हातमोजे घालून त्यांनी एकेक कोलाज पाहिलं. माझंही एक आहे, तू पाहिलेलं नसेल. त्यात माझा वजनमापे खात्यातला खाकी शर्ट, शिक्का मारलेलं पितळी वजन आणि ताईची पिवळी टेप आहे. मॅडमना टेपेची गोष्ट सांगितली, तर त्या वहीत लिहून घ्यायला लागल्या. तुला ती अर्धीच माहीत असेल. मी नोकरीला लागलो तेव्हा ती टेप खात्याच्या पट्टीवर लावून पाहिली होती. ओढून ओढून ती लांबली होती, म्हणजे माप कमी दाखवायची. ताईला म्हटलं, ही मला जप्त करायला हवी. ती म्हणाली, “माझ्या टेपेने मोजलेलं मी माझ्याच टेपेने कापते. तुझं खातं मध्ये कुठे आलं?” हिशेबाने ते बरोबरच होतं. त्या टेपेने घेतलेलं माप त्याच टेपेने कापलं की कपडा अंगाबरोबर बसायचा. आईने सांगितलेलं माप घेऊन तू कॉलेजात पहिल्यांदा दुकानातून तयार कपडे आणलेस, ते सगळे घट्ट झाले आणि तू आठवडाभर धड जेवली नाहीस. तू जाड झाली नव्हतीस. तेव्हा कुणी तुला हे सांगितलं की नाही, मला आठवत नाही.

‘पाठ’ दाखवा, असं मॅडम म्हणाल्या. मी सांगितलं की तो खोका माळ्यावर आहे, झाकण स्क्रूने बंद आहे आणि भाचीचं उत्तर आल्याशिवाय मी उघडणार नाही. त्यांना ते आवडलं नाही, पण त्या रीतीने बोलल्या. म्हणाल्या, “समजून घ्या. ‘पाठ’ नसेल तर या प्रदर्शनाला कणाच राहत नाही.”

मास्तरांना खोकला आला. मॅडमना आपण काय बोललो ते कळलं नाही.

त्या गेल्यावर मास्तरांनी विचारलं, आधीच्या प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये नेमकं झालं काय. ते उद्घाटनाला आले नव्हते, त्यांना चिंध्या बघायला बूट घालून जायचं नव्हतं. मग मी सांगितलं. तू तिथे होतीस, पण मी कसं सांगितलं ते तुला माहीत असावं.

मी म्हटलं, नमूचे बाबा ती पाळण्यात असतानाच गेले, आणि ताईने कारखाना आणि मूल एकाच टेबलावर वाढवलं. लहान मुलांचा प्रत्येक कपडा आधी नमूच्या अंगावर चढायचा. ताई तिला ‘माझा नमुना’ म्हणायची, त्याचं नमू झालं. बाहेरच्यांना वाटायचं एखाद्या चांगल्याशा नावाचं लाडकं रूप असेल. मग बाराव्या वर्षी तिचा कणा वाकायला लागला आणि काखेपासून कमरेपर्यंतचा कडक पट्टा बसला. सोळाव्या वर्षापर्यंत तो होता. पट्ट्याने कपडे फाटायचे, म्हणून ताईने त्यावर घालायला सुती खोळ शिवली, निळी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. आणि वरचे झगे अशा बेताने कापले की शाळेत कुणाला काही कळलं नाही. नमूने कुणाला कळू दिलं नाही. जवळच्या मैत्रिणीलासुद्धा नाही.

पुढचं थोडक्यात सांगितलं. ती फुलं घेऊन उद्घाटनाला आली. पहिल्याच भिंतीवर ती खोळ होती. दोन्ही बाजूंनी उसवून सपाट केलेली, कडा कापून साफ केलेल्या, चारी टोकांनी ताणून फळीवर लावलेली, वरून दिवा. शेजारी पाटी, ‘पाठ. वय बारा ते सोळा.’ लोक अगदी जवळ जाऊन बघत होते. एका गृहस्थाने विचारलं, हे मूल आहे का अजून? नमू त्याच्या मागेच उभी होती.

ती ताईला म्हणाली, काढ ते. ताई म्हणाली, माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. तेव्हा तू जे बोललीस ते मी मास्तरांना शब्दाला शब्द सांगितलं, कारण ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

“तुझी माया दोन बोटांची, आई. तीही शिवणीच्या आत. बाहेर सगळा नमुना.”

आणि ती वस्तू आहे तोवर घरी पाऊल ठेवणार नाही, असं म्हणून तू फुलं अभिप्रायाच्या वहीवर ठेवलीस आणि गेलीस.

मास्तर बराच वेळ खडूला टोक काढत बसले. मग म्हणाले, “दोन बोटं म्हणजे पुष्कळ की. हल्ली तयार कपड्यात अर्धं बोटसुद्धा सोडत नाहीत.”

त्यांच्यासाठी माया म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं सोडलेलं कापड, दुसरं काही नाही. मी त्यांना समजावलं नाही.

उत्तर पाठव. मॅडमचं प्रदर्शनाचं पुस्तक छापायला जायचं आहे आणि त्यांना मुखपृष्ठावर ‘पाठ’चा फोटो हवा आहे.

मामा

२ मार्च

प्रिय नमू,

काल तुझा फोन आला ते बरं झालं. पण फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून जे ठरलं ते लिहून ठेवतो.

मागे पाण्याचा आवाज येत होता आणि कुणी शिट्टी वाजवत होतं. तू आता लहान मुलांना पोहायला शिकवतेस हे तुझ्या नवऱ्याकडून कळलं होतं, पण ऐकलं तेव्हा खरं वाटलं. तू आवाज न चढवता म्हणालीस, “मामा, जाळून टाक.” मी विचारलं, चौकटीसकट? तू म्हणालीस, “सकट.” नंतर तू विचारलंस, जेवतोस का. मी हो म्हटलं. तू म्हणालीस, “खोटं बोलतोस,” आणि तेवढ्यात कुणीतरी तुला हाक मारली.

मी पाव आणतो. पूर्वीइतकाच मोठा आणतो, तेवढीच सवय आहे. अर्धा कडक होतो. बाकी ठीक आहे.

मॅडमना आज जाऊन सांगितलं की ‘पाठ’ मिळणार नाही. जाळणार आहोत हेही सांगितलं, लपवायचं कारण नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, एवढं मोठं काम तुम्ही असं कसं नष्ट करू शकता, ही आता घरची गोष्ट राहिलेली नाही. मी म्हटलं, पाठ घरचीच आहे. त्यांना वाटलं मी कोटी केली. मी कोट्या करत नाही, तुला माहीत आहे.

त्या वाईट बाई नाहीत. ताईच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी दवाखान्यात सूप पाठवलं होतं. जाताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि विचारलं, तुमच्या भाचीने ते काम नीट पाहिलं तरी आहे का? मी म्हटलं, तिने ते चार वर्षं अंगावर घातलं आहे.

या आठवड्यात मास्तरांना बरोबर घेऊन खोका उतरवतो. मागच्या अंगणात चिंध्या जाळायचं पिंप आहे, त्यात होईल.

मामा

९ मार्च

प्रिय नमू,

जाळलं नाही. आधी ते सांगतो, मग कसं काय ते सांगतो.

खोका परवा उतरवला. जड नव्हता. मास्तरांनी पिंपात तळाला कागद घालून ठेवले होते. मी स्क्रू काढायला बसलो. इतकी वर्षं न उघडलेल्या खोक्याचे स्क्रू जड जायला हवेत. हे बोटांनी फिरले. खाचा झिजून चकचकीत झाल्या होत्या. मास्तर म्हणाले, कोणीतरी रोजचं दार केलंय याचं.

आत फळी होती. फळीवर खोळ होती, पण आपण हॉलमध्ये पाहिली तशी नव्हती. सपाट नव्हती. चार टोकांचे टाके सोडलेले होते आणि फक्त मधोमध, कण्याच्या रेषेवर, कच्चा धावदोरा होता. दोन्ही बाजू पुढे वळवून घेतल्या होत्या. ताई ती पुन्हा शिवत होती. म्हणजे तिची पुन्हा खोळ करत होती, अंगात घालायची.

मी जे पाहिलं ते क्रमाने लिहितो. मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने लिहिता येत नाही.

खोळीच्या दोन्ही बाजूंना जुन्या टिपांच्या भोकांच्या रांगा आहेत, एकीच्या बाहेर दुसरी. तू वाढत होतीस तशी ताई बाजू उसवायची आणि आतल्या मायेतून थोडं बाहेर सोडायची. पहिल्या रांगेच्या आतलं कापड धुऊन धुऊन पांढुरकं झालं आहे. दुसऱ्या पट्ट्यात निळं थोडं जास्त आहे, तिसऱ्यात त्याहून जास्त. शेवटचा पट्टा दुकानातून आणल्यासारखा निळा आहे आणि त्यावरचे ठिपके मोजता येतात. शेवटची टीप कापडाच्या अगदी कडेला आहे. तिच्यापलीकडे काही नाही. मास्तरांनी ती कड बोटावर घेऊन पाहिली आणि म्हणाले, “याची माया सगळी सोडून झालीय. पोरगी आणखी वाढली असती तर बाईंना काही करता आलं नसतं.”

आणि जी काही नखभर कड उरली असेल ती हॉलसाठी साफ करताना कापली गेली. म्हणून बाजू पुन्हा जोडायच्या तर शिवण धरायला कापडच नव्हतं. तिथे ताईने जोड दिला आहे. राखाडी जाड कापडाची उभी पट्टी. मी ते कापड ओळखलं नाही. मास्तरांनी ओळखलं. ते उठले, कारखान्याच्या दारामागे टांगलेला ताईचा एप्रन घेऊन आले आणि टेबलावर पसरला. त्याची डावी बाजू खिशापासून खाली सरळ कापलेली होती. तो एप्रन शेवटपर्यंत ती रोज घालत होती आणि तो रोज माझ्या डोळ्यांसमोर होता.

पट्टी किती रुंद आहे ते पाहायला मी खिशातली मोजपट्टी काढली आणि परत ठेवली. बोटं ठेवून पाहिली. दोन बोटं आहे.

उजवी बाजू वरपासून खालपर्यंत पूर्ण झाली आहे. डावी अर्ध्यावर आहे. टाके लहानमोठे आहेत, एक सरळ तर एक कलता. ताईचे वाटत नाहीत. पण तिचे हात गेल्या वर्षापासून थरथरत होते, हे तुला माहीत नसेल. कपात चहा अर्धाच ओतायला सांगायची. एका वेळी तिला तीन-चार टाक्यांच्या पुढे जमत नसणार. रोज थोडं करून ती खोका बंद करत असणार, नाहीतर मला कळलं असतं. मी विचारलं असतं असं नाही, पण कळलं असतं.

डाव्या बाजूला जिथे शिवण थांबली आहे तिथे सुई टोचून ठेवली होती. दोरा ओवलेला. मास्तर म्हणाले, बाई सुई कापडात ठेवून कधी उठल्या नाहीत, कुणी ठेवली तर अख्खा कारखाना डोक्यावर घ्यायच्या. सुईला गंज नव्हता.

मला काही झालं नाही, नमू. म्हणजे रडू वगैरे नाही. मी ते सगळं पाहिलं, स्क्रू एका डबीत घातले, डबी बंद केली. बराच वेळ ती डबी कुठे ठेवायची हे सुचेना.

मास्तरांनी काडेपेटी काढली होती. ती त्यांनी परत खिशात टाकली आणि म्हणाले, “आज वारा फार आहे.” वारा अजिबात नव्हता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की ताई शेवटी विशेष काही बोलली नाही. ते तसं खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. तुझं नाव तिने घेतलं नाही. तुला बोलव असंही म्हणाली नाही. मी विचारलं होतं, तिने मानेनेच नको म्हटलं. भरती करताना तिथल्या नर्सने विचारलं, मुलंबाळं? ताई म्हणाली, एक नमुना आहे. नर्सला वाटलं ही गंमत करते आहे, ती हसली. ताईपण हसली, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडली.

शेवटच्या संध्याकाळी तिला दवाखान्याचा झगा घातला होता, पाठीमागे नाड्यांचा. तिने त्याची शिवण चिमटीत धरून उलटून पाहिली. म्हणाली, “यात माया ठेवलेलीच नाही रे. वाढवायचं म्हटलं तर कुठून वाढवणार?” मी म्हटलं, आता तुला कुठे वाढायचंय, ताई. ती म्हणाली, “मला नाही.” मग तिने शिवण सोडली आणि झोपली. सकाळपर्यंत झोपेतच गेली.

मला तेव्हा वाटलं ती झग्याबद्दल बोलत होती. अजूनही ती झग्याबद्दलच बोलत असेल. मी खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून आधी लिहिलं नव्हतं.

तू जाळ म्हणालीस आणि मी जाळलं नाही. आता काय करायचं ते सांग. खोका खाली कटिंग टेबलावर आहे. झाकण लावलेलं नाही.

मामा

७ एप्रिल

प्रिय नमू,

तुझं पत्र आलं नाही, फोनही नाही. मी वाट पाहिली. मग मला जे बरोबर वाटलं ते केलं. ते तुला पटलं नाही तर तसं सांग.

प्रदर्शन परवा सुरू झालं. ‘पाठ’शिवाय. मॅडमनी मुखपृष्ठावर माझा शर्ट घातला आहे. मास्तर म्हणतात, नोकरीत असताना त्याला कधी एवढी इस्त्री नव्हती.

मॅडम मध्ये एकदा येऊन गेल्या. मी तोवर खोळ फळीवरून सोडवली होती. फक्त कण्याच्या रेषेवरचा कच्चा दोरा होता, एक टोक ओढल्यावर सगळा निघून आला. ताईने कुठेही गोंद वापरला नाही, कुठल्याच फळीवर. रिकामी फळी भिंतीला टेकून ठेवली होती. मधोमध सुईच्या भोकांची एक रेघ, किंचित वाकडी. मॅडम तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, हीच द्या. ही रिकामी जागाच फार बोलते.

मी म्हटलं, ती जागाही माझ्या भाचीचीच आहे.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं त्यांना या वेळी कळलं. त्या गेल्यावर फळी आणि चौकट मास्तरांनी मोडली आणि आम्ही पिंपात जाळली. तू ‘सकट’ म्हणाली होतीस, तेवढं ऐकलं. सुकं लाकूड होतं, चांगलं पेटलं. मास्तरांनी हात शेकून घेतले.

उद्घाटनाला मी गेलो होतो, मास्तरही आले. बूट घालून आले, आणि ते चावतात म्हणून सगळा वेळ कुरकुरत होते. आम्ही माझ्या शर्टासमोर उभे होतो. एक बाई आपल्या मैत्रिणीला म्हणाली, कोण असेल गं हा माणूस, आहे का अजून? मास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “विचारून सांगतो.” त्या दोघी लाजून निघून गेल्या. मास्तर दिवसभर हसत होते. मला तू आठवलीस. फुलं घेऊन त्या गृहस्थाच्या मागे उभी असलेली.

घरी आल्यावर मास्तरांना म्हटलं, डावी बाजू तेवढी पुरी करून द्या, पाठवून देतो. ते नाही म्हणाले. म्हणाले, “बाईंच्या टाक्याला टाका मी लावणार नाही. आणि तुम्ही तर नाहीच, इन्स्पेक्टर. तुमचं बटण आजवर बाईंनी लावलं.” ते खरं आहे. म्हणून जशी होती तशी पाठवतो आहे.

खोळ धुतलेली नाही, इस्त्री केलेली नाही. आतून एका ठिकाणी पट्ट्याच्या बकलाचा गंज लागला आहे, तो तसाच आहे. तिचं काय करायचं ते तू ठरव. जाळायची असेल तर तिथे जाळ, मी विचारणार नाही. ती आता कुठे टांगलेली नाही, आणि कोणी टांगायला मागितली तर माझ्याकडे ती नाही. एवढंच सांगायचं होतं.

घर आहे तसंच आहे. तुझी खोली ताईने तागे ठेवायला घेतली होती, ते आम्ही काढले. तुला बोलावतो आहे असं समजू नकोस. खोली रिकामी आहे, एवढंच लिहितो आहे.

पाव आता लहान आणतो.

खोळ एका कापडी पिशवीत घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली आहे. पिशवी मी स्वतः शिवली. मास्तर शेजारी बसून प्रत्येक टाक्याला नाक मुरडत होते. म्हणाले, एवढ्याशा वस्तूला एवढं कापड कशाला घेतलंत, आत नुसती माया माया करून ठेवली आहे. मी म्हटलं, असू दे. तोंड कच्च्या टाक्यांनी बंद केलं आहे. कात्री लागणार नाही, गाठीकडचा दोरा ओढलास की सगळं सुटेल.

उघडताना जपून. सुई अजून कापडातच आहे, जिथे होती तिथेच. मास्तर म्हणाले काढून ठेवा, कुणाला तरी टोचेल. मी टोकाला बूच बसवलं आहे. दोरा ओवलेलाच आहे.

तुझा मामा